चारूबाईनं सभा बांधीत नेली

कोणत्याही कचेरीत गेली की चारूबाई मंडल आधी पिढा मांडायची. काखेतून काढायचा, साहेबाच्या टेबलासमोर ठेवायचा, पदर आवरून त्यावर बसायचं आणि मगच तोंड उघडायचं. पिढा म्हणजे आपला घरातलाच, सागाचा, वीतभर उंच, बसून बसून मधोमध खोलगट झालेला. एका कचेरीत (कोणत्या ते जाऊ द्या, तिथली माणसंही आता बदलली) साहेब तिला म्हणाला, "बाई, खुर्ची आहे ना इथं." तर म्हणे, "खुर्ची तुमचा आहे साहेब. तुम्ही ऊठ म्हटला तर उठावा लागेल. पिढा माझा आहे."

आणि मजा अशी की ती इतकी खाली बसायची की तिच्याशी बोलायचं तर साहेबालाच टेबलावरून वाकावं लागायचं. सारी कचेरी बघत राहायची. मी सोबत असायची, पण मी काय करत होते ते विचारू नका. मी पिशवी धरायची.

आमचं गाव मुलचेरा तालुक्यातलं. जुनं गाव तळ्याच्या अलीकडं, पलीकडं बंगाली पाडा. चारूबाई त्या पाड्यातली. पूर्व बंगालातून पळून आलेल्या घरांना सरकारनं आधी कुठल्या कुठल्या छावण्यांत ठेवलं आणि मग ट्रकात घालून आमच्या जंगलात आणून सोडलं, तेव्हा ती दोन वेण्यांची पोर होती. मी सून म्हणून आले ती नंतर. सासू सांगायची, ट्रक आले त्या दिवशी आमच्या लोकांनी घाबरून दारं लावून घेतली आणि त्या लोकांनीही घाबरून ट्रकातून उतरायचं नाकारलं. म्हणजे बघा, दोन्हीकडून सारखंच.

मी तिला ओळखायला लागले तेव्हा ती चांगली पोक्त बाई होती. ठेंगणी, काळीसावळी, तोंडात कायम पान. आवाज असा की तळ्याच्या या काठावरून त्या काठाला भांडण लावून द्यावं. मराठी फर्डी बोलायची, पण तिच्या मराठीत साऱ्या जगाचा बाप्या झालेला असायचा. गाय आला, पोरगी गेला, मीसुद्धा "तो आमचा सुलोचना". तिच्या भाषेत म्हणे बाईमाणसाचं आणि बाप्याचं बोलणं वेगळं नसतंच. मी दुरुस्त करायला गेले तर म्हणाली, "तुझा समजला ना? मग झाला."

पण रामराम-नमस्काराच्या बाबतीत मात्र एक चूक नाही. आमच्या मोहल्ल्यात शिरली की "जयभीम". जुन्या गावात "रामराम भाऊ". रानातला माडिया आदिवासी दिसला की दुरूनच "जोहार". एकदा मी म्हटलं, "चारूबाई, एवढं ध्यानात कसं राहते तुझ्या?" ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात जाताना चप्पल काढतो ना आपण? हा तसाच आहे."

गावात कोणी नवं माणूस आलं, मग तो फेरीवाला असो की कोणाची वाट चुकलेली आत्या, चारूबाईचे प्रश्न ठरलेले. पहिला, "जेवला का?" दुसरा, "कोणी हाकलला?" तिच्या मते आपलं गाव सोडून दुसऱ्याच्या गावात माणूस उगाच येत नाही, कोणीतरी हाकललेलंच असतं. शाळेवर बदली होऊन आलेल्या गुरुजींनाही तिनं हेच विचारलं होतं. गुरुजी जरा विचारात पडले आणि म्हणाले, "हाकललंच म्हणा."

एकदा एक मासळीचा व्यापारी आला. बंगाली पाड्याच्या तळ्यातली रोहू प्रसिद्ध. भाव जमेना तसा तो चिडला आणि बोलू नये ते बोलला, "तुम्ही लोक इथं उपरे, तुमच्या देशात जा आधी." पोरं धावून गेली. चारूबाईनं त्यांना हटकलं. त्याला हाताला धरून तळ्याच्या पाळीवर नेलं. "हा पाळ बघ. इथं काय नव्हता. दगड होता आणि साप होता. माझा बाप, माझा काका, मी, टोपलीनं माती काढला. माझा बाप इथंच बसला आणि मेला. आता सांग, माझा देश कुठं आहे? देश रांगेत उभा राहून नाई मिळत बाबा. खणावा लागतो."

व्यापारी खाली मान घालून निघाला. तर ही म्हणते, "थांब. मासा तुला विकणार नाई. पण दुपार झाला, खाऊन जा." आणि घरी नेऊन पंगतीला बसवलं त्याला. मोहरी वाटून केलेला झणझणीत रस्सा आणि भात. तो एका हातानं डोळे पुसत होता, मोहरीनं की लाजेनं देव जाणे, आणि दुसऱ्या हातानं भात मागत होता. पुढं तोच व्यापारी येत राहिला. भाव मात्र तीच सांगायची.

आता टोलीचं सांगते, कारण चारूबाई खरी कळते ती तिथं.

एका हिवाळ्यात नदीपलीकडून काही माडिया कुटुंबं आली. रानातून चालत. तिकडं पोलीस आणि नक्षलवादी, अशा दोन बंदुकांच्या मधे त्यांचं गाव सापडलं होतं. इकडचे म्हणत, तुम्ही तिकडच्यांना जेवण देता. तिकडचे म्हणत, तुम्ही इकडच्यांना बातमी देता. शेवटी गावच जळालं. ही माणसं जंगलाच्या कडेला, आंब्याच्या झाडांखाली येऊन बसली. डोक्यावर एकेक गाठोडं, कोणाच्या टोपलीत कोंबडा, आणि लेकरं अशी गप्प की लेकरं वाटूच नयेत. आमचं गाव लांबून बघत होतं. पुढं कोणी होईना.

चारूबाईनं भाताचं पातेलं उचललं, पिढा काखेत मारला, आणि मला म्हणाली, "रस्सा तू घे. सांडू नको."

तिथं एक बाई होती, सोमारी. तिशीच्या आतली असेल. हनुवटीवर गोंदण, डोळे कोरडे. चारूबाई तिच्यासमोर पिढा टाकून बसली. जेवण झालं. मग तिनं आपला दुसरा प्रश्न विचारला, "कोणी हाकलला?" पण एकीला दुसरीची भाषा कळेना. सोमारीनं मग हातानं दाखवलं. या बाजूनं बंदूक. त्या बाजूनं बंदूक. मग दोन्ही हातांची बोटं वर हलवली. आग.

चारूबाईनं मान हलवली. मग तिनंही बोटं तशीच वर हलवली आणि दोन्ही हातांनी वल्हं मारून दाखवलं. छप, छप. मग पाठीवर काहीतरी ओढून घेऊन दडून बसल्यासारखं केलं.

सोमारी तिच्याकडं बघत राहिली, आणि तिच्या कोरड्या डोळ्यांना एकदम पाणी आलं.

मला काहीच कळलं नव्हतं. परतताना विचारलं तेव्हा चारूबाई चालता चालता बोलली, जशी काही कोणा शेजारणीची गोष्ट सांगावी. तिच्या गावात दंगल उसळली, त्यांची घरं पेटली, तेव्हा शेजारच्या करीमचाचानं या सगळ्यांना आपल्या नावेत निजवलं आणि वरून तागाच्या पेंढ्या रचल्या. नाव भर दिवसा घरं जाळणाऱ्या लोकांच्याच समोरून गेली. कोणी हाक मारून विचारलं, काय नेतो रे? तर म्हणाला, ताग. "तो पण मुसलमान, जाळणारा पण मुसलमान," चारूबाई म्हणाली. "मग मी कोणाचा राग करू? मी तागाचा राग करतो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कचेरीत, बाजारात, पंगतीत लोक तागाचं पोतं अंथरतात. ही त्यावर कधीच बसायची नाही. आम्ही म्हणायचो, बाई मोठी मानी आहे. मानी होतीच. पण त्या वासानं तिचा जीव घुसमटायचा, हे इतकी वर्षं पिशवी धरूनही मला ठाऊक नव्हतं.

आंब्याखाली झोपड्या उभ्या राहिल्या, त्या वस्तीला गाव टोली म्हणायला लागलं, आणि टोली तिथंच राहिली. सगळं सोपं झालं असं नाही. पहिला विरोध तर तिच्याच पाड्यातून झाला. तिचा भाऊ हरिपद सज्जन माणूस, पण भित्रा. म्हणाला, "दीदी, आपल्यालाच लोक अजून पाहुणे म्हणतात. या लोकांसाठी भांडशील तर उद्या आपल्यावर येईल." चारूबाई सुपारी कातरत होती. म्हणाली, "पाहुणा किती दिवस राहतो रे? तुझा नातू झाला, तरी तू पाहुणा? पाहुणा भांडत नाई, ते खरा आहे. म्हणून मी भांडतो. ज्या दिवशी गप बसलो, त्या दिवशी पाहुणा झालो." हरिपद उठून गेला. तीन दिवस बोलला नाही. मग एक दिवस आपल्या घरचे बांबू बैलगाडीत घालून टोलीवर टाकून आला. बोलला नाहीच.

टोलीतल्या बाया पहिल्याच पावसाळ्यात रोवणीला यायला लागल्या. आमच्याकडं धान म्हणजे बांधी, बांध घातलेलं भातशेत, आणि बांधी म्हणजे रोवणी. गुडघाभर चिखलात वाकून, मागं मागं सरकत, पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, चिमटी लावत जायचं. पाठीवरून पाऊस. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ. या कामाला बाई लागते, आणि हात चांगला असेल तर ती कुठली हे कोणी विचारत नाही. सोमारीचा हात असा सरळ की दोरी लावल्यासारखी ओळ. आणि मराठी त्या बाया शिकल्या त्या चारूबाईकडून. म्हणजे काय झालं असेल ते तुम्हीच समजा. साऱ्या टोलीच्या बायका "मी आला, मी जेवला" करायला लागल्या. माडिया बाई, बंगाली वळणाची मराठी, आणि गाव गडचिरोलीचं. ऐकून माझी हसून पुरेवाट व्हायची.

अशी कितीतरी वर्षं गेली. टोलीवर लेकरं जन्मली, आंब्याला मोहर येत गेला. आणि मग डोमाजीभाऊंनी अर्ज केला.

डोमाजीभाऊ आमच्या गावातले मोठे शेतकरी. माणूस वाईट नाही, आधी सांगते. माझे मालक आजारी पडले तेव्हा भर पावसात त्यांचंच ट्रॅक्टर आलापल्लीच्या दवाखान्यापर्यंत गेलं. पण माणसाच्या मनात एकदा भीती शिरली की ती जमिनीच्या रूपानं दिसायला लागते. त्यांच्या बांधीला लागून आंब्याचं रान, आणि त्या रानात टोली. त्यांचं म्हणणं, आज इतके आले, उद्या आणखी येतील, आपल्या लेकरांच्या वाट्याचं जंगल संपेल. टोली उठली तर ते रान कोणाच्या बांधीला जोडलं जाईल, हे ते बोलत नव्हते, पण गाव आंधळं नव्हतं.

टोली उठवावी, असा अर्ज वर गेला. वरून निरोप आला की पावसाळा संपला की अमुक दिवशी झोपड्या काढायच्या. मात्र त्याआधी ग्रामसभेनं सांगावं, हे लोक गावचे की बाहेरचे. म्हणजे सारं त्या एका सभेवर आलं. सभेनं बाहेरचे म्हटलं की सोमारीनं लेकरं उचलायची आणि परत त्याच दोन बंदुकांच्या मधे जायचं. दुसरी वाट नव्हती.

सभेचा दिवस ठरला तो ऐन रोवणीत. समजलं ना? बाया साऱ्या चिखलात. सभेला बाप्येच येणार, आणि बाप्यांत डोमाजीभाऊंचा शब्द चालणार.

त्या पहाटे चारूबाई ओल्या सुपाऱ्या घेऊन डोमाजीभाऊंच्या घरी त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईला भेटून आली. दोघींचं काय बोलणं झालं ते मला आजवर ठाऊक नाही. दोघींनीही सांगितलं नाही.

दुपारी समाजमंदिरात सभा बसली. अहेरीकडून एक तरुण अधिकारी मॅडम आल्या होत्या, नव्यानंच नोकरीला लागलेल्या. डोमाजीभाऊ बोलायला उभे राहिले तोच चारूबाई पिढ्यावरून म्हणाली, "मॅडम, थांबा. बाया किती आहे?"

मॅडमनी पाहिलं. मी, चारूबाई, आणि दाराशी एक म्हातारी, ती पण पाऊस चुकवायला आलेली.

"इतक्या कमी बायका असतील तर असल्या विषयावर सभा धरता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "बायका कुठं आहेत?"

"बाया रोवणीले गेल्या ना जी म्याडम," डोमाजीभाऊ म्हणाले. "महिनाभर नाई यायच्या. त्याईचं काय, त्याईले काय समजते यातलं? बाप्ये हाओत ना आम्ही."

"म्हणजे सभा पुढं ढकलायची?"

"ढकलू नका," चारूबाई म्हणाली. "पावसाळा ढकलता येतो का? बाया येऊ शकत नाई, तर सभा जाऊ शकतो. सभेला काय पाय नाई? एवढे तर पाय बसला आहे इथं." आणि उठून पिढा काखेत मारला. "चला. बांधी जवळच आहे. डोमाजीच्याच बांधीत आहे सारा गाव."

कोणीतरी फसकन हसलं. डोमाजीभाऊ म्हणाले, "असं कुठी असते का जी? सभा का बांधीत होते?" मॅडमनी ग्रामसेवकाकडं पाहिलं. ग्रामसेवक म्हणाला, "गावाच्या हद्दीत कुठंही चालते, मॅडम." मॅडमनी सॅन्डल काढून हातात घेतल्या. म्हणाल्या, "चला मग."

काय ते दृश्य होतं! धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एकामागे एक सारी सभा निघाली. पुढं चारूबाई, मागं छत्री धरलेल्या मॅडम, मग ग्रामसेवक, मग धोतर वर खोचलेले बाप्ये. एक दोघे घसरून पडले. बांधीत बाया वाकून लागवड करत होत्या, त्यांनी नुसत्या माना वळवल्या. कोणीतरी ओरडलं, "आवो, वरात कोणाची आली?"

डोमाजीभाऊंची ती मोठी बांधी, आणि त्यांच्याकडच्या रोवणीचा तो शेवटचा दिवस. त्यांना बाया मिळत नव्हत्या म्हणून जुन्या गावच्या, आमच्या मोहल्ल्याच्या, पाड्याच्या, टोलीच्या, मिळतील तेवढ्या बोलावलेल्या. साऱ्या एका ओळीत, साऱ्यांच्या डोक्यावर खोळी, साऱ्यांची लुगडी गुडघ्यावर खोचलेली, साऱ्या चिखलाच्या रंगाच्या.

मॅडमनी धुऱ्यावर उभ्या राहून विषय मांडला. डोमाजीभाऊ बोलले. "म्याडम, मी कोणाचा दुश्मन नोहो. पण हे टोलीवाले आपले नोहेत. पाह्यल्याबरोबर समजते. यायचं चालणं वेगळं, काम वेगळं, सारंच वेगळं. बाहेरचा माणूस लपत नाई."

"पाहिला की समजतो?" चारूबाई म्हणाली.

"समजते म्हणजे? डोळे मिटून सांगतो."

"डोळा उघडून सांग. समोर आहे ना सारा. दाखव कोण बाहेरचा."

डोमाजीभाऊ धुऱ्यावर दोन पावलं पुढं आले. ओळीवरून नजर फिरवली. मोठ्या ऐटीत काठी उचलली. "ते पाहा. तिकडची टोकाची. रोवणं पाहा कसं करून राह्यली. ओळ पाहा, सापावानी वाकडी. आपल्या गावची बाई असं रोवत असते का? ते टोलीची. ते नक्की टोलीची."

टोकाची बाई सरळ झाली. कमरेवर हात ठेवला. डोक्यावरची खोळ मागं सारली.

वच्छलाबाई.

आमच्याकडं रोवणीच्या शेवटच्या दिवशी मालकीणबाईनं बांधीत उतरून चार चिमटी लावायची रीत आहे. पण डोमाजीभाऊंच्या घरची बाई संध्याकाळी येऊन, दोन चिमटी लावून, जेवण वाढून जायची. सकाळपासून वाकलेली तिला कोणी पाहिलेली नव्हती. नवऱ्यानं तर नाहीच.

"का जी," वच्छलाबाई म्हणाली, "इतके वर्सं तुमच्या घरी भात रांधला, लेकरं वाढवली, आन् आज बाहेरची झाली का जी मी?"

आणि मग बांधीत जे हसू फुटलं! बाया चिखलात बसल्या. कोणाच्या हातातले पऱ्हे सुटले. ग्रामसेवकानं तोंड फिरवलं. मॅडम छत्रीआड गेल्या, पण छत्री हलत होती.

"वाकडं रोवते म्हणे," एक म्हातारी ओरडली. "डोमाजी, मंग सरळ ओळ कोणाची हाये ते बी सांग!"

वच्छलाबाईनंच सांगितलं. शेजारच्या बाईची खोळ आपल्या हातानं मागं सारली. "ही पाहा. सोमारी. सारी बांधी हिच्या ओळीनं चालली हाये. दरसाल चालते. तुमच्या घरचं भरलेलं धान हिच्या हातचं हाये जी."

सोमारी बावरून उभी. मॅडमनी तिला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" ती हळूच म्हणाली, "मी इथं राहिला. माझा पोरगी इथं झाला. मी कुठं जाईल?" मॅडमनी चारूबाईकडं पाहिलं, सोमारीकडं पाहिलं. "या तुमच्या नात्यातल्या का?" चारूबाईनं बांधीतल्या बायांकडं तोंड वळवलं. तेव्हा माझ्या मोहल्ल्यातली एक म्हणाली, "नात्यातलीच हाये. आमच्याही." आणि दुसरी म्हणाली, "आमच्याही."

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "टोलीतले लोक या गावचेच आहेत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात कुठून वर करणार, हातात पऱ्ह्यांच्या पेंढ्या! सगळ्यांनी पेंढ्याच वर केल्या. सारी बांधी एकदम हिरवी होऊन वर आली. पेंढ्यांतून चिखलाचं पाणी त्यांच्याच डोक्यावर गळत होतं, पण एकही हात खाली आला नाही. धुऱ्यावरच्या बाप्यांनी बघितलं, आणि हरिपदनं पहिला हात वर केला. मग एकेक करत बाकीच्यांनी. डोमाजीभाऊंनी हात वर केला नाही. पण विरोधात कोण, असं विचारलं तेव्हाही केला नाही. ते वच्छलाबाईच्या वाकड्या ओळीकडं बघत उभे होते.

ठराव वर गेला. काही आठवड्यांनी उत्तर आलं की चौकशी पुरी होईपर्यंत टोलीवरच्या कोणत्याही घराला हात लावू नये. आमच्याकडं चौकशी पुरी व्हायला पिढ्या लागतात, त्यामुळं आम्ही तिथंच पेढे वाटले. पुढं मात्र त्या मॅडम स्वतः येऊन घरांची पाहणी करून गेल्या, आणि टोलीला हातपंपही बसला. पण तो आनंद नंतरचा.

चारूबाई त्याच वर्षीच्या थंडीत गेली. झोपेतच गेली, पाड्यात, आपल्या घरी. मी तेव्हा लेकीकडं चंद्रपूरला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. डोळ्यावर पट्टी होती म्हणून मला कोणी येऊ दिलं नाही. त्यामुळं माझ्या डोळ्यांनी तिला शेवटचं पाहिलं ते त्याआधी, धान कापणीच्या तोंडावर.

उत्तर आलेलं असलं तरी टोलीला अजून खात्री नव्हती. झोपड्या काढायचा जो दिवस आधी सांगितला होता, तो उजाडला तेव्हा बाया सकाळपासून रस्त्याकडं तोंड करून बसल्या. चारूबाई त्यांच्यात जाऊन बसलेली. मी दुपारी गेले. रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं. एक गाडी आली नाही, एक माणूस आला नाही. सूर्य डोक्यावरून कलला तशी चारूबाई म्हणाली, "आता कोण येत नाई." आणि सोमारीच्या अंगणातल्या खाटेवर उन्हात आडवी झाली. बघता बघता घोरायला लागली. तोंड उघडं, हात खाटेबाहेर लोंबलेला, पोटावर कोणाचं तरी मांजर. इतक्या वर्षांत मी तिला दिवसाढवळ्या निजलेली कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात डोमाजीभाऊ आले.

सोमारी उठून उभी राहिली. डोमाजीभाऊ अंगणाच्या कडेला थांबले, घसा साफ केला, "का जी बाई..." म्हणून सुरू केलं, तोच सोमारीनं ओठांवर बोट ठेवलं आणि खाटेकडं दाखवलं. डोमाजीभाऊंनी पाहिलं. आणि आमचे डोमाजीभाऊ, ज्यांची हाक जंगलातल्या गुराख्याला ऐकू जाते, ते कुजबुजत म्हणाले, "धान पिकलं माझं. कापणीले येता का तुम्ही लोक? उद्यापासून?"

सोमारी तशीच कुजबुजली. "उद्या नाई भाऊ. उद्या आमचा धान कापतो. परवा येतो."

"परवा?"

"परवा."

आंब्याखालच्या त्या लहानशा, धानानं पिवळ्या झालेल्या तुकड्याकडं डोमाजीभाऊंनी पाहिलं. "बरं," म्हणाले, "परवा या मंग. वच्छलानं सांगतलं हाये, सोमारीले पुढं ठेवजा." आणि वळले. पायातले जोडे करकरत होते. दोन पावलं गेले, चारूबाईनं कूस बदलली, तसे ते थांबले, वाकले, जोडे काढून हातात घेतले, आणि अनवाणीच धुऱ्यावरून घराकडं गेले.